दम धरू नये

तलावाच्या तळाशी आम्हाला गुडघ्यांवर बसवून
आग्नेल सरांनी पाटीवर पहिला नियम लिहिला:
श्वास कधीही रोखू नये.
पाण्याखाली चालणारी पाटी, शिसपेन्सिल दोरीनं बांधलेली.
मला हसू आलं, आणि हसणाऱ्या गालाच्या फटीतून
मास्कमध्ये पाणी शिरलं.

आमच्या घरात दम धरणं हाच धंदा होता.
बापूस दांडीच्या खडपातले शिणाणे काढायचा,
अडकलेली जाळी सोडवायचा,
लोकांचे नांगर वर आणून द्यायचा, नांगरामागे वीस रुपये.
मी सात वर्षांची, होडीत, मोजायला.
ऐंशीपर्यंत मोजायचं, मग घाबरायचं,
असं त्यानं सांगून ठेवलेलं.

ज्या दिवशी आमचाच नांगर गेला
त्या दिवशी मी एकोणऐंशीवर थांबले.
पुढचा आकडा म्हटलाच नाही.
पाण्यावर एक पिशवी तरंगत होती, तिच्याकडे बघत
एकोणऐंशी, एकोणऐंशी, एकोणऐंशी.
तो आला रिकाम्या हातानं, उजव्या कानातून रक्त.
त्या बाजूनं त्याला आजही हाक मारून उपयोग नाही.

सर म्हणतात, नाक दाबा, हळूच फुंका,
दर मीटरला; दुखायच्या आधी, दुखल्यावर नव्हे.
इतकंच होतं ते.
चिमटीएवढं.

फॉर्मवर विचारलं होतं: दमा? फिट? कानाचं ऑपरेशन?
सगळीकडे नाही लिहिलं.
बापाच्या कानाचा रकाना नव्हता.

त्याला सामान बघायचं होतं, रविवारी घेऊन गेले.
रेग्युलेटर त्यानं हुंगला.
जाकिटात हवा भरली, काढली, परत भरली.
कंबरपट्ट्याचं शिसं मात्र हातात घेताच ओळखलं:
"ह्यां तर आमच्या जाळ्याचां."
कार्ड मिळाल्यावर किती खोल जाशील, विचारलं.
अठरा मीटर.
त्यानं बोटांवर वाव मोजले.
"दहा वाव? थय मिया लंगोटीर गेलंय."
मग बराच वेळ गेजचा काटा बघत बसला.
"मिया तुका दम धरूक शिकवलंय.
हे दम सोडूक शिकवतत, आणि वर पैशे घेतत."

समुद्र तलावासारखा गुडघ्यांवर बसू देत नाही.
पहिल्या डाइव्हला खूश होऊन मी अंगठा दाखवला
आणि सरांनी मला सरळ वर आणून सोडलं,
कारण खाली अंगठा म्हणजे मस्त नव्हे, वर चला.
चौथ्या वेळी कुठे ते जमलं:
श्वास घेतला की चार बोटं वर, सोडला की चार बोटं खाली,
ना तळ ना लाट,
कुणी न विणलेल्या झोळीत.
बुडबुडे कानाशी, चुलीवर भात रटरटतो तसे.
नोव्हेंबरचं पाणी, हिरवं तरी आरपार.
किल्ल्यामागच्या खडकाला टेकून एक नांगर पडला होता,
एक आकडा मोडलेला, कुणाचा कोण जाणे.
त्याच्या बेचक्यात मुठीएवढा पिवळा मासा,
घर राखायला ठेवल्यासारखा.
सरांनी हाताची घडी घालून दाखवली:
कशाला हात लावायचा नसतो.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.
दोरी धरून लोंबकळायचं, बाकी काही नाही.
रक्तातली हवा तेवढ्यात निवते म्हणतात.
डोक्यावर होडीचा तळ,
होडीत सकाळी हट्टानं चढलेला बापूस.
तोंडात रबर असलं तरी मनात मोजता येतं.
ऐंशी आले. गेले. एक्क्याऐंशी.
मी श्वास सोडत होते.

डोकं बाहेर काढलं तेव्हा तो काठावर वाकलेला,
डावा कान पाण्याकडे करून.
"किती झाले?"
माझ्या मनगटावर अठ्ठेचाळीस मिनिटं होती.
"एकोणऐंशी," तो म्हणाला,
आणि माझ्या पायातले फिन ओढून काढताना,
दुसरीकडेच बघत,
"नांगर दिसलो काय गो?"

"दिसलो," मी म्हटलं.
"मासो रवता थय."